बिऱ्हाड चालले उत्तरेला

माणसाने आधी प्रवास करावा आणि मग प्रवासवर्णन लिहावे, अशी रीत आहे. मी मात्र निघण्यापूर्वीच लिहायला बसले आहे. याचे एक कारण असे, की संपादकांचे पत्र दिवाळीआधी येते आणि आमचा प्रवास आहे जानेवारीत. दुसरे कारण अधिक खरे आहे. गेले दहा महिने मी आणि माझा दादा या प्रवासाची नुसती तयारीच करीत आहोत, आणि त्या तयारीत इतके काही घडून गेले आहे की ते सांगितल्याशिवाय माझ्याने राहवत नाही.

बेत असा आहे. दादा गेली पंचवीस-सव्वीस वर्षे स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी असतो. नोकरीतून मोकळा होताच त्याने एक जुनी कॅम्परव्हॅन विकत घेतली. म्हणजे मोटारच, पण आत दोन बाके, दोन शेगड्या, हातभर मोरी आणि झोपायच्या दोन फळ्या. सहा मीटर लांब आणि दोन मीटर रुंद. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण ज्याने केली त्याला ही गाडी पाहून समाधान वाटले असते! या बिऱ्हाडातून आम्ही दोघे भावंडे गोथेनबर्गहून ई-४५ या रस्त्याने सरळ उत्तरेला निघणार. मोरा, ओस्टरसुंड, योकमोक, कारेसुआंडो. तेथून नॉर्वेत कौटोकेनो आणि आल्टा. आणि शेवटी नॉर्डकॅप, जिथे युरोपचा रस्ता संपतो आणि ३०७ मीटर उंच कड्याखाली समुद्र सुरू होतो. नुसते जाणेच दोन हजार किलोमीटरांहून अधिक. पुण्याहून श्रीनगर गाठावे तेवढे म्हणा ना! येताना ट्रॉम्सो, नार्विक, किरुना आणि मग बॉथ्नियाच्या आखाताच्या कडेकडेने खाली. एकूण सहा आठवडे.

"आणि हे जानेवारीत?" असे आमच्या प्राचार्यांनी रजेचा अर्ज वाचून विचारले. "मॅडम, थंडीच बघायची तर आपलं महाबळेश्वर काय वाईट आहे?"

प्राचार्यांचे चुकले नाही. आमच्या साताऱ्यात थंडी म्हणजे वेण्णा तलावाकाठी पहाटे दवाचे कण गोठतात, त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येते आणि आम्ही ते पाहून शाल गुंडाळून घेतो. आम्ही जिथून जाणार त्या वाटेपासून फार लांब नसलेल्या एका खेड्यात १९६६ च्या फेब्रुवारीत उणे ५२.६ अंश तापमान नोंदले गेले. स्वीडनचा तो आजवरचा नीचांक आहे. शहाणी माणसे त्या मुलखात जूनमध्ये जातात, मध्यरात्रीचा सूर्य पाहतात आणि परत येतात. आम्हाला मात्र सूर्य पाहायचा नाही. आम्हाला पहाट पाहायची आहे.

त्याचे कारण आमचे अण्णा.

अण्णा शाळामास्तर होते. त्यांच्या कपाटात लोकमान्य टिळकांचे 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' होते. टिळकांनी ते १९०३ साली प्रसिद्ध केले. ऋग्वेदातली उषेची सूक्ते वाचताना टिळकांच्या मनात आले की ही पहाट आपल्याकडची घटकाभराची पहाट नव्हे. ती दिवसच्या दिवस रेंगाळणारी, उत्तर ध्रुवाकडची पहाट आहे. त्यावरून त्यांनी वैदिक आर्यांचे मूळ घर उत्तरेत असल्याचा सिद्धान्त मांडला. आजचे अभ्यासक तो मानीत नाहीत आणि अण्णाही तो मानीत असत असे नाही. पण मार्गशीर्षात ते आम्हा दोघांना अंधारात उठवून गच्चीवर नेत. अजिंक्यताऱ्याच्या बाजूने आभाळ फिकट होऊ लागले की म्हणत, "पाहा, टिळकांची पहाट महिनाभर चालते. आपली चहा होईपर्यंत संपते. कुणीतरी जाऊन पाहून यायला हवं."

आता त्या दोन श्रोत्यांपैकी एक तिकडेच राहतो. नॉर्डकॅपला नोव्हेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास सूर्य जो मावळतो तो जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत क्षितिजावर येतच नाही. पण म्हणून चोवीस तास काळोख नसतो. दुपारच्या सुमारास काही तास आभाळ निळसर, गुलाबी होते. उजाडणार उजाडणार असे वाटते आणि तिथूनच ते पुन्हा मावळतीकडे वळते. रोज पहाट होते. सकाळ होत नाही. असे दोन महिने. ट्रॉम्सोत २१ जानेवारीच्या सुमारास सूर्याचे पुन्हा दर्शन होते, तेव्हा लोक गोड पाव खाऊन तो दिवस साजरा करतात. त्या आधीचा आठवडा आम्हाला नॉर्डकॅपला गाठायचा आहे. टिळकांनी जी पहाट मांडली ती याहून कितीतरी उत्तरेची, ध्रुवाजवळची. पण मोटारीने जाता येईल तेवढे तरी जवळ जावे!

तर, तयारी. दर रविवारी दुपारी दादाचा फोन येतो. आमच्या घरी त्याला 'अधिवेशन' म्हणतात. हे वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जातात आणि मी वही घेऊन बसते.

पहिले अधिवेशन गॅसवर झाले. मी सहज विचारले, "दोन सिलिंडर पुरतील ना रे?" तेव्हा कळले की प्रश्न किती हा नसून कोणता हा आहे. गॅसमध्ये ब्यूटेन असेल तर शून्य अंशाच्या आसपास त्याची वाफच होत नाही. सिलिंडर भरलेला आणि शेगडी थंड! थंडीत आपले खोबरेल तेल बाटलीत थिजून बसते, तेल आहे पण केसांना नाही, तशी गत. तिकडे निव्वळ प्रोपेन हवा. तो उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो. दुसरे अधिवेशन डिझेलवर. डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो आणि कडाक्याच्या थंडीत तो गोठून नळ्या तुंबवतो. म्हणून उत्तरेकडच्या पंपांवर त्या थंडीला सोसेल असे वेगळे डिझेल मिळते. गोथेनबर्गला टाकी काठोकाठ भरून निघणे हा तिथे शहाणपणा नव्हे. दक्षिणेचे डिझेल वाटेत संपवून वरचे भरायचे असते.

तिसरे अधिवेशन पाण्याचे. गाडीखालची सांडपाण्याची टाकी गोठून फुटू शकते, म्हणून तिचा नळ उघडा ठेवून खाली बादली लावायची. आणि माणसाच्या श्वासातले पाणी? दोन माणसे रात्रभर बंद गाडीत झोपली की सकाळपर्यंत अर्धा-पाऊण लिटर पाणी काचांवर आणि गादीखाली जमते आणि तिथेच गोठते. म्हणून उणे वीस अंशांतही वरची झडप थोडी उघडी ठेवायची. शिवाय विषारी वायूची सूचना देणारी घंटा हवी. मी म्हणाले, "दादा, हे घर आहे की प्रयोगशाळा?" तो म्हणाला, "थंडीत घर म्हणजे प्रयोगशाळाच असते. तुमच्याकडे भिंती नुसत्या आडोशाला असतात."

याशिवाय खिळ्यांचे टायर, फावडे, ओढायची दोरी, बॅटरी जोडायच्या तारा. इंजिन रात्री गोठू नये म्हणून त्याला विजेची ऊब द्यावी लागते, म्हणून मुक्काम शक्यतो वीज मिळेल अशाच तळावर. रस्त्याकडेला खांबाला काळी पिशवी बांधलेली दिसली तर वेग कमी करायचा, कारण जवळपास रेनडियरचा कळप आहे असा तो इशारा असतो. आणि नॉर्डकॅपचे शेवटचे तेरा किलोमीटर हिवाळ्यात आपल्या मर्जीने जाता येतच नाही. ठरलेल्या वेळी बर्फ लोटणारे यंत्र पुढे निघते आणि त्याच्या मागे सगळ्या गाड्यांनी दिंडीसारखे ओळीने जायचे. हवा बिघडली तर दिंडीही रद्द.

मी मराठीची प्राध्यापिका. मला यातून शब्दच सापडायचे. पावसाला आपल्याकडे केवढी संपत्ती आहे! वळीव, झड, रिपरिप, भुरभुर, मुसळधार, संततधार. थंडीलाही गारठा, हीव, कडाका, हुडहुडी, शिरशिरी आहे. पण ही सगळी अंगाला लागणारी थंडी झाली. जमिनीवर पडणाऱ्याला आपण 'बर्फ' म्हणतो आणि तोही फारसीतून उसना आणलेला. उत्तरेतल्या सामी लोकांचा निर्वाह रेनडियरवर, त्यामुळे त्यांच्या भाषेत हिमाच्या प्रकारांना पुष्कळ शब्द आहेत. जमिनीला चिकटून बसणारा, जनावराला खालचा चारा उकरू न देणारा बर्फाचा थर म्हणजे 'चुओह्की'. दादाने हा शब्द सांगितला तेव्हा मला आपल्याकडचा 'दडी मारलेला पाऊस' आठवला. ज्यावर पोट अवलंबून असते त्याला माणूस नावे ठेवतो, दोन्ही अर्थांनी.

मग वजन. साध्या परवान्यावर चालवायची गाडी भरून ३५०० किलोंच्या वर जाता कामा नये. गाडीचे स्वतःचे वजन वजा केले की आम्ही दोघे, पाणी, गॅस, कपडे आणि स्वयंपाक मिळून चारशे किलोंच्या आसपास उरतात. त्यामुळे मी मेतकूट, भाजणी, कोकम आणि लहान कुकर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वहीत लिहिले आहेत. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र नेता येत नाहीत. बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. अण्णांचे पुस्तक मी यादीत घातले तेव्हा दादाने विचारले, "वजन?" मी वजन सांगितले. तो म्हणाला, "मग एक स्वेटर कमी आण."

वहिनी येणार नाहीत. तिथे इतकी वर्षे राहून त्यांनी थंडीशी तह केला आहे, मैत्री नाही.

आता एक गोष्ट सांगते; ती सांगण्यासाठीच खरे तर इतके लिहिले.

२०१० च्या मार्चमध्ये अण्णा अंथरुणाला खिळले. मी दादाला फोन केला, "ये." तो म्हणाला, "एप्रिलअखेर येतो, तेव्हा रजा आहे." १५ एप्रिलपासून आइसलंडच्या ज्वालामुखीच्या राखेमुळे उत्तर युरोपातली विमाने बंद झाली. सतराला अण्णा गेले. दादा आला तो तेराव्यानंतर. विमाने बंद होती हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. पण माझ्या मनात मार्च महिना होता. तो मी कधी बोलून दाखवला नाही आणि कधी विसरलेही नाही. त्यानंतर दर भाऊबीजेला फोन झाला, ख्यालीखुशाली झाली. तेवढेच.

गेल्या जूनमधले अधिवेशन. दादा नियम सांगत होता, "टाकी अर्ध्यावर आली की भरायची. पुढचा पंप तासाभरावर आहे, तिथे भरू, असं म्हणायचं नाही. वादळ आलं, रस्ता बंद झाला, तर अर्ध्या टाकीवर रात्र निघते. या मुलखात 'पुढे बघू' चालत नाही."

माझ्या तोंडून निघून गेले, "हे तुला कधी कळलं, दादा?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन तुटला असे मला वाटले. मग तो म्हणाला, "दोन हजार दहात." आणि थोड्या वेळाने, "मी घरी बसून नव्हतो गं. दक्षिणेकडची विमानं चालू होती. मी आगगाडीनं निघालो होतो, रोमपर्यंत जायचं म्हणून. हॅम्बुर्गच्या स्टेशनात माणसांचा पूर लोटलेला, कुठल्याच गाडीत जागा नाही. तिथं दीड दिवस बसलो. तुझा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो."

"मग हे सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय? निघायचं होतं मार्चमध्ये. तू बोलावलंस तेव्हा. ते मीच पुढे ढकललं होतं."

मी काय बोलणार? पंधरा वर्षे मी ज्याचा हिशोब मांडून बसले होते, तो त्याने केव्हाच मांडला होता आणि माझ्यापेक्षा कडक मांडला होता. मी वही पुढे ओढली आणि म्हणाले, "अर्धी टाकी. लिहून घेतलं. पुढे सांग."

त्याने पुढे सांगितले. त्या दिवशीचा विषय हातमोजे होता. आत लोकरीचे पातळ, वर चामड्याचे जाड. अधिवेशन दोन तास चालले. यांनी बाहेर येऊन चहा ठेवला.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा माझी बिनपगारी रजा मंजूर झालेली असेल. प्राचार्यांनी तसे तोंडी सांगितले आहे. मोटार चालवायचा आंतरराष्ट्रीय परवाना आर. टी. ओ.तून आणला आहे. उजव्या बाजूने गाडी हाकायची धास्ती वाटते, तेव्हा दादा समजावतो की १९६७ सालापर्यंत स्वीडनमध्येही गाड्या डावीकडूनच चालत. ३ सप्टेंबरला एका पहाटे सगळ्या देशाने बाजू बदलली, मग तुला एकटीला काय कठीण? विम्याचे कागद झाले आहेत. व्हिसा अजून यायचा आहे. आला नाही तर पुन्हा अर्ज करू. पण मार्च उजाडेपर्यंत थांबायचे नाही, हे आम्हा दोघांना न बोलता कळले आहे.

यंदाची भाऊबीजही फोनवरच होईल. ओवाळणी काय हवी असे दादाने विचारले. मी म्हणाले, खालची फळी. वरच्या फळीवरून रात्री उतरताना माझे गुडघे दुखतील. तो म्हणाला, त्याचेही दुखतात. हा एक मुद्दा तेवढा अजून वहीत मोकळा आहे.

पहाट किती दिवसांची असते, ते आल्यावर सांगेन.