कात

ती येणार असली की आधी डोळ्यांत दिसते. न्यू जर्सीत माझ्या भाचीने कॉर्न स्नेक पाळलाय, केशरी रंगाचा, म्हणून नाव झेंडू. त्याचे डोळे दुधाळ निळे होतात, रंग विटतो, तो आडोशाला दडून राहतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात. नवख्याला वाटतं, झालं. खरं तर तेव्हा ती निघायच्या बेतात असते. झेंडू दगडावर तोंड घासतो, ओठाशी कड सुटते आणि ती उलट्या मोज्यासारखी मागे सरकत जाते. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे डोळ्यांवरचे दोन पारदर्शक खवलेही तिच्याबरोबरच येतात. आले का, ते पाहायचंच. शेपटीच्या टोकाशी तिचं कडं अडकून राहिलं तर ते आवळत जातं आणि टोक वाळतं.

लहानपणी कोकणात गडग्याच्या भोकात ती दिसली की आजी लांबूनच हाक मारायची. भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे इथले साप घरात ठेवता येत नाहीत. त्यामुळे मी तिला नीट हातात घेतली ती भाचीकडेच.

गेल्या हिवाळ्यात झेंडूच्या टाकीखालच्या हीट मॅटचा थर्मोस्टॅट बिघडला. साप ऊब शोधत येतो, आणि पोट भाजत असलं तरी बऱ्याचदा जागचा हलत नाही. पहिल्या दिवशी काहीच दिसलं नाही. मग पोटाचे चार खवले तांबूस झाले, त्यावर फोड आला. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं साधंच होतं. लाकडाचा भुसा काढून पांढरा किचन पेपर अंथरायचा, म्हणजे जखमेला काही चिकटत नाही आणि पाणी सुटलं तर डाग दिसतो. पोव्हिडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून हलक्या हाताने टिपायचं. फोड फोडायचा नाही, बधिर करणारं मलम तर मुळीच नको. सूज वाढली किंवा पू धरला तर लगेच परत आणायचं. सापाचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होतो, म्हणून तो बोटाला गाठीसारखा लागतो.

मग ती आली, नेहमीपेक्षा लवकर. जखमी साप लवकर लवकर कात टाकतो. पण भाजल्या जागी अडली. भाची ओढायला निघाली होती, मी हात धरला. कातीखालची कोवळी कातडी तिच्यासकट निघाली असती. ओलसर शेवाळाच्या डब्यात झेंडूला रात्रभर ठेवलं, सकाळी कातीने आपणहून सोडलं. मधोमध भोक होतं.

‘गावाने कात टाकली’ म्हणताना आपल्या मनात एका झटक्यात सगळं नवं झाल्याचं चित्र असतं. झेंडूच्या जखमेला तीन काती लागल्या. दुसरीत भोकाच्या जागी चुरगळलेला पापुद्रा होता. तिसरी भाचीने खिडकीच्या काचेवर पसरली. पोटाचे रुंद खवले ओळीने लागलेले, मध्ये चार वाकडे, आणि त्यांतूनही ऊन सारखंच येत होतं.