मांड

दस्तुरी नाक्यावर मोटार सोडली की माथेरान सुरू होतं. पुढे गुडघे साथ देतील तर चालत, नाहीतर घोड्यावर. माझ्या गुडघ्यांनी केव्हाच हात वर केले होते, म्हणून पन्नाशीच्या उंबऱ्यावर मी पहिल्यांदा घोड्यावर बसले. घोड्यावर म्हणजे घोडीवर. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा. आणि बसले म्हणजे तरी काय, एका दगडाने आणि घोडेवाल्याने मिळून मला वर चढवलं. वर गेल्या गेल्या मी दोन्ही हातांनी लगाम खेचून धरला. घोडीने मान झटकली आणि जागची हलेना.

"ताई, ओढू नका," खालून आवाज आला. "नुसत्या बसा. तिला कळतं."

गिऱ्हाइकाला धीर द्यायची ही पद्धत असावी, असं मला वाटलं. पण तांबड्या मातीच्या त्या वाटेवर एका वळणाला झाडी विरळ झाली, खाली दरी दिसली, पोटात खड्डा पडला आणि घोडी थांबली. लगामाला मी हात लावला नव्हता की तोंडातून शब्द काढला नव्हता. फक्त श्वास रोखला होता आणि मांड्या आवळल्या होत्या. तिचा एक कान सावकाश मागे वळला, माझ्या दिशेने. मी श्वास सोडला. ती चालू लागली.

स्वाराच्या बैठकीला मराठीत ‘मांड’ म्हणतात. हा शब्द मला तोवर ऐकूनच ठाऊक होता; अर्थ त्या वळणावर कळला. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तेवढ्याच जागची कातडी थरथरते. ज्याला माशीचं वजन कळतं, त्याच्यापासून सबंध बाई काय लपवणार?

बाई आणि घोडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाशीची राणी येते, बहुधा पुतळ्यातली: घोड्याचे पुढचे पाय हवेत, हातात तलवार. तलवारीखालच्या त्या जनावराशी तिचं काय नातं होतं, हे पुतळा सांगत नाही. तिला घोड्यांची पारख होती, असं म्हणतात. आणि ग्वाल्हेरजवळ, १८५८च्या जूनमध्ये, तिच्याखालचा घोडा नवा होता, ओढ्याच्या काठाशी येऊन अडला, असंही सांगतात. मला ती गोष्ट नेहमी त्या ‘नवा’ या शब्दापाशी अडल्यासारखी वाटते.

माथेरानहून परतल्यावर मात्र माझ्या मनात घर केलं ते डेन्मार्कच्या लिस हार्टेलने. १९४४ साली, तेविसाव्या वर्षी, पोटात मूल असताना तिला पोलिओ झाला. मुलगी सुखरूप जन्माला आली. लिसचे गुडघ्याखालचे पाय मात्र कायमचे गेले. हातांतलं बळही पूर्वीसारखं राहिलं नाही. तिला घोड्यावर चढवायला आणि उतरवायला माणूस लागे. तरी १९४७ साली स्कँडिनेव्हियातल्या स्पर्धेत ती दुसरी आली. तिचा खेळ ड्रेसाजचा. आखलेल्या चौकोनात घोडा चालीमागून चाल करून दाखवतो, आणि स्वार त्याला काही सांगतोय असं बघणाऱ्याला जाणवताही कामा नये. सांगायचं ते मुख्यतः पायांनी. पोटरीचा हलका दाब, टाचेचा स्पर्श, ही त्या भाषेतली क्रियापदं. लिसची क्रियापदंच गेली होती. उरलं होतं अंगाचं वजन, कंबर, पाठ, श्वास. म्हणजे नुसती मांड.

ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये तोवर बहुतेक लष्करी अधिकारीच उतरत. १९५२ साली हेलसिंकीत पहिल्यांदाच बायकांना दार उघडलं. लिस तिच्या ज्युबिली नावाच्या घोडीवर बसून पुरुषांच्या बरोबरीने उतरली आणि रौप्यपदक घेऊन आली. पदक घ्यायला तिला चौथऱ्यावर चढता येईना, तेव्हा सुवर्णपदकवाल्या स्वीडनच्या आंरी सँ-सीरने तिला हात दिला. लिसची गोष्ट सांगणारे या हातापाशी हमखास थांबतात. प्रसंग हृद्य आहे, नाही असं नाही. पण त्या घटकेला ज्युबिली कुठे होती? कुणीतरी तिला लगामाला धरून बाजूला उभं केलं असणार, घामेजलेली, फुरफुरत.

घोडीने लिसला चार पाय दिले वगैरे लिहायचा मोह होतो, टाळते. मला कुतूहल आहे ते ज्युबिलीच्या बाजूचं. पोलिओ, पदक, करुणा यांतलं तिला काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला एवढंच उमगलं असणार की पाठीवरची ही बाई पायांनी काही सांगत नाही, पण गप्पही नाही. मग ती बोलते कुठून, हे रोज, तासन्‌तास, धीराने शोधायचं. चार वर्षांनी याच घोडीवर लिसने पुन्हा रौप्य मिळवलं. त्या वेळचं ऑलिंपिक मेलबर्नला होतं, पण बाहेरच्या जनावरांबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम कडक, म्हणून घोड्यांच्या स्पर्धा तेवढ्या स्टॉकहोमला झाल्या. मला ही तजवीज फार आवडते. घोड्यांना जमत नाही म्हणून ऑलिंपिकनेच आपलं बिऱ्हाड दोन ठिकाणी मांडलं!

माथेरानला त्या संध्याकाळी मी घोडेवाल्याच्या घरामागे जाऊन बसले होते. त्याची बायको घोडीला खरारा करत होती. लांब हात फिरला की लाल धूळ उडायची आणि उन्हात तरंगत राहायची. मग खाली वाकून तिने घोडीच्या पोटरीवर दोन बोटं टेकवली. "अगं, पाय." घोडीने पाय उचलून तिच्या मांडीवर ठेवला, हळदीकुंकवाला आलेल्या बाईने ओटी पुढे करावी इतक्या सहज. बाईने खुरातला खडा काढला, पाय खाली सोडला, दुसऱ्याला बोटं लावली.

"तुमचं सगळं कळतं हिला?" मी विचारलं.

"माझं कळतं," नवऱ्याकडे बघून ती हसली. "ह्यांचं कधी कधी कळत नाही."

"माझं तुलाही कुठं कळतं?" तो म्हणाला आणि बादली उचलून पाण्याला गेला.

तिने तोबरा बांधला. घोडी आत तोंड घालून हरभरा फोडू लागली. डोळे अर्धे मिटलेले, शेपटी माशांवर. बाई खरारा झटकत पलीकडे गेली, मग पायरी चढून घरात. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. घोडीचा एक कान तेवढा दाराकडे वळलेला होता.