अण्णांचं देणं

अण्णांचं माझ्याकडे जे येणं आहे, त्याचा हिशेब पैशांत मांडला तर फार होणार नाही. त्यांचा ‘याशिका मॅट १२४ जी’ कॅमेरा माझ्याकडे असतो, तोही ‘घे’ म्हणून नव्हे, ‘वापर’ म्हणून दिलेला. रोल धुण्याच्या केमिकलचे पैसे ते वेळच्या वेळी घेतात, अगदी सुट्ट्यासकट. बाकी जे उरतं, ते फेडायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी हेच कळत नाही.

मी लग्नांचे फोटो काढतो. सीझनमध्ये मेमरी कार्डांमागून कार्डं भरतात; एकीच्या हळदीचे फोटो निवडून होतात तोवर दुसरीची हळद लागलेली असते. ढिगातून थोडे ठेवायचे नि बाकीचे उडवायचे, हे काम धान्य पाखडण्याच्या जवळचं आहे. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा बॅगेतून काढावासाच वाटेना झाला, तरी मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. धंदा म्हटला की असंच.

अण्णांकडे गेलो तोही धंद्यासाठीच. कोल्हापुरात मंगळवार पेठेतला त्यांचा फोटो स्टुडिओ बंद होऊन पुढच्या गाळ्यात मुलाने मोबाइल दुरुस्ती सुरू केली होती. मागच्या खोलीत जुना रंगवलेला पडदा गुंडाळून ठेवलाय असं कळलं. कमान, जिना, तळ्यात हंस, सगळं त्यावर. प्री-वेडिंगला एका जोडप्याला ‘जुना लुक’ हवा होता. अण्णा म्हणाले, “पडदा ने की. पण काढणार कशानं?” मी माझा कॅमेरा दाखवला. त्यांनी हातात घेतला, वजन बघितलं, परत दिला आणि आतून याशिका आणून समोर ठेवला.

या कॅमेऱ्याला भिंगं दोन, एकावर एक. खालचं फोटो काढतं, वरचं नुसतं दाखवतं. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालायची आणि काचेत बघायचं. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे समोरचा माणूस जरा सरकला की आपण हमखास भलत्या बाजूला वळतो. रोलवर फोटो बाराच.

पहिल्यांदा तो घेऊन गेलो गंगावेशीतल्या तालमीत. कॅमेरा डोळ्याला लागला की पैलवान छाती फुगवून उभे राहतात, हा माझा जुना अनुभव. पण मान खाली घालून उभ्या असलेल्या माणसापुढे पोज कोण देणार? आपलं तोंड झाकलेलं नसतं, त्यामुळे गप्पाही सुरू राहतात. वस्ताद हौद्यातल्या मातीत तेल, ताक, हळद किती घालायची ते सांगत होते. शटर इतकं हळू वाजतं की ते बोलता बोलता थांबलेसुद्धा नाहीत. सवयीने मी फोटो बघायला कॅमेरा फिरवला, तर पाठीवर नुसतं काळं रेग्झिन. मग पुन्हा वस्तादांकडेच बघितलं. एरवी त्या घटकेला मी स्क्रीनमध्ये घुसलेला असतो आणि समोरचा माणूस पुढे काय करतो ते मला दिसतच नाही. त्या दिवशी दिसलं: हात झाडून त्यांनी कपाळाला माती लावली. ते पाहायला मी होतो, याचाच मला आनंद झाला.

रोल धुवायला अण्णांनी स्वतःच्या मोरीत शिकवलं. डी-७६ डेव्हलपरला २० अंश लागतात आणि एप्रिलात टाकीचं पाणी तिशीच्या आसपास, म्हणून घमेल्यात बर्फ घालून त्यात डेव्हलपरची बाटली उभी करायची. बर्फ आत टाकायचा नाही, औषध पातळ होतं. एचपी-५ रोलला साडेसात मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद रोलची टाकी उलटसुलट करायची. मग अॅसिडचं पाणी, मग हायपो. टाकी उघडली तेव्हा ओल्या रोलवर वस्ताद बसले होते, केस पांढरे आणि दात काळे. अण्णांनी पट्टी खिडकीशी धरली. “मिशीत जीव हाय का बघ. सावलीसाठी एक्स्पोजर, उजेडासाठी डेव्हलपिंग.”

त्यांच्या उमेदीत परदेशी रोल सहज मिळत नसत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ चालायचा. कधी १०० फुटांचा डबा मिळाला तर अंधारात जुन्या कॅसेटी भरायच्या, ३६ फोटोंचे १८ रोल निघायचे. पासपोर्टचं गिऱ्हाईक घाईचं असेल तर अंधारात चाचपून रोलचा वापरलेला तुकडा कापायचा आणि तेवढाच धुवायचा. गिऱ्हाईक घाईचं नसेल, तर रोल संपेपर्यंत त्याने थांबायचं. हे सांगताना अण्णांच्या आवाजात त्या काळाबद्दल माया नसते, वैताग असतो. त्यामुळेच त्यांचं मला पटतं.

हल्ली फिल्मच्या नावाने बरेच उसासे ऐकू येतात. नुसता दाणा हवा असेल तर मोबाइलचा फिल्टर पुष्कळ झाला, आणि स्वस्तही. लग्नं मी डिजिटलवरच काढतो. बारा फ्रेममध्ये वरमाला आटपायला सांगितली तर वधूपक्ष मला उभा करणार नाही. तालीम, रंकाळ्याचा कट्टा, जोतिबाची वाट मात्र याशिकावर. त्या फोटोंना गिऱ्हाईक नाही. अण्णा सोडले तर ते कोणी मागतही नाही.

पडदा अजून त्यांच्याकडेच आहे. त्या जोडप्याने शेवटी डोंगर निवडला. मध्यंतरी मी कॅमेऱ्याच्या पैशांचा विषय काढला. अण्णांनी तो ऐकलाच नाही. म्हणाले, “निगेटिव्हचा ढीग करून काय करायलास? प्रिंट काढूया. एन्लार्जर हाय, बल्ब गेलाय. तेवढा तू आण.” दीडशे वॅटचा, दुधी काचेचा बल्ब. कोल्हापुरात नाही मिळाला, पुण्यातही नाही. मुंबईला बोराबाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराने वरच्या फळीवरून दोन खोकी काढली, दोन्हींतल्या बल्बांच्या तारा तुटलेल्या. फोन नंबर ठेवून घेतलाय त्याने. अण्णा दर दोन दिवसांनी विचारतात.