सेन्सिटिव्हिटी पूर्ण वर नको



मेटल डिटेक्टरची खरखर तीन ठिकाणांहून येते: हवेतून, मातीतून आणि मातीत पडलेल्या फुटकळ धातूतून. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि तुझ्या पत्रातला उपाय यांपैकी एकीवरही लागू पडत नाही. सेन्सिटिव्हिटी शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवायची, मग गोंगाट सोसवत नाही म्हणून आवाजच बंद करायचा आणि नुसत्या पडद्याकडे बघत इंग्लंडमधल्या नॉर्फोकच्या शेतांतून फिरायचं, हे वाचून काकाला रात्री झोप लागली नाही. वर तू लिहितोस की यंत्रच वाईट निघालं. यंत्र वाईट नाही, निखिल.

डिटेक्टरच्या तबकडीत बहुधा दोन कॉइल असतात. एकीतून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे नाणं असेल तर त्यात लहानसे प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि दुसरी कॉइल ते टिपते. दोन्ही कॉइल अशा तोलून बसवलेल्या असतात की धातू जवळ नसताना दुसरीत जवळजवळ काहीच येऊ नये. या तोलाला बाहेरून जो धक्का लागतो, ती खरखर.

ही अडचण यंत्राइतकीच जुनी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे अडकली हे शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असंच तोललेल्या कॉइलचं यंत्र तयार केलं आणि टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून तो ऐकत राहिला. एका नेमक्या जागी यायला हवा होता तो आवाज बऱ्याच मोठ्या भागात अस्पष्ट येत राहिला. रुग्णाच्या गादीखाली पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टरांनी शोधू दिलं ते उजव्या बाजूला. गोळी निघाली मणक्याच्या डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफील्ड वारले. आसपासचा धातू आधी ओळखून बाजूला केला नाही, तर उत्तम यंत्रही काही सांगू शकत नाही.

म्हणून पहिलं काम ओळखण्याचं. तबकडी कमरेइतकी उचलून स्थिर धरावी. न हलवताही आवाज चालू राहिला तर तो हवेतून येतो आहे: विजेच्या तारा, जमिनीखालची केबल, खिशातला फोन, शेजारी चाललेला दुसरा डिटेक्टर. गुरांसाठी लावलेलं विजेचं कुंपण साधारण सेकंदाला एक ठोका देतं, तो एकदा कानात बसला की लगेच कळतो. फोन बंद करावा, जोडीदाराला लांब पाठवावं, आणि मग नॉइज कॅन्सल चालवावं. यात यंत्र आपली वारंवारिता किंचित सरकवून शांत जागा शोधतं. त्या वेळी तबकडी हवेत धरायची की जमिनीवर टेकवायची, हे प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ती पुस्तिका तू उघडलेली नाहीस, हे तुझ्या प्रश्नांवरून दिसतं. इंजिनिअर झालेल्या मुलाने असं करावं?

तबकडी वर असताना शांत आणि जमिनीजवळ फिरवली की कुरकुर, तर दोष मातीकडे. लोहयुक्त खनिजं, भाजलेल्या विटांचे तुकडे, इंग्लंडच्या शेतांत हटकून सापडणारा जळका कोळसा यांना यंत्र प्रतिसाद देतं. समुद्रकाठची ओली वाळू मिठामुळे वीज वाहते, तिथे एकाच वारंवारितेवर चालणारी बरीच यंत्रं बडबडतात. एकाच वेळी अनेक वारंवारिता वापरणारी यंत्रं ती वाळू बरीच पचवतात. मातीच्या कुरकुरीवर उपाय ग्राउंड बॅलन्स. धातू नसलेली जागा शोधून तबकडी वरखाली करायची आणि वर जाताना, खाली येताना आवाज सारखा होईपर्यंत जुळवत राहायचं. शेत बदललं, माती बदलली की पुन्हा. झोका देताना टोकाला तबकडी उचलली गेली तरी खोटे आवाज उठतात, ते हाताच्या सवयीने जातात.

आता सेन्सिटिव्हिटी. हे बटण म्हणजे पोचेची हमी, असा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. दिवाणखान्यातला मर्फी रेडिओ आठवतोय ना? दूरचं स्टेशन लागेना की आपले दादा आवाज वाढवायचे आणि गाण्याबरोबर खरखरही तितकीच वाढायची. इथेही तसंच होतं: नाण्याचा संदेश आणि गोंगाट दोन्ही एकत्र मोठे होतात. शिवाय गणित बघण्यासारखं आहे. तबकडीचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जातं आणि नाण्याकडून परतणारं क्षेत्रही तसंच. तेव्हा पुरेशा खोलीवर अंतर दुप्पट झालं की परतणारा संदेश चौसष्टावा हिस्सा उरतो. याची दुसरी बाजू अशी की यंत्राची प्रत्यक्ष संवेदना निम्मी केली तरी २० सेंटिमीटरवर सापडणारं नाणं साधारण १८ सेंटिमीटरपर्यंत सापडतच राहतं. (पडद्यावरचा आकडा निम्मा म्हणजे संवेदना निम्मी असं मात्र नव्हे, प्रत्येक यंत्राची पट्टी निराळी.) दोनेक सेंटिमीटरच्या लोभापायी माणूस सगळा दिवस गोंगाटात घालवतो आणि त्याखाली दबलेले खरे आवाज सोडून जातो. सेन्सिटिव्हिटी गोंगाट सुरू होईपर्यंत चढवावी आणि तिथून एक-दोन पायऱ्या उतरावी. अधूनमधून एखादा चुकार आवाज चालेल, कारण तो त्याच जागी पुन्हा येत नाही. खरा धातू दोन्ही दिशांच्या झोक्यात आणि काटकोनात वळून बघितल्यावरही त्याच ठिकाणी बोलतो.

आणि आवाज बंद करणं तर कधीच नको. काकाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही. बऱ्याच यंत्रांत थ्रेशोल्ड नावाची अखंड, जेमतेम ऐकू येणारी गुणगुण असते. नाकारायला सांगितलेलं लोखंड खाली आलं की ती तुटते, खोलवर काही असलं की किंचित उचलली जाते. पडदा ही सूक्ष्म हालचाल दाखवत नाही. नाणं खोल असलं किंवा खिळ्याशेजारी पडलं असलं तर पडद्यावरचा आकडा हेलकावे खातो, आणि आकड्यावर विसंबणारा पुढे निघून जातो. वाकडा खिळा चांदीसारखा उंच स्वर देतो, पण त्याची कड तुटकी असते. नाण्याचा स्वर दोन्ही बाजूंनी गोलाईदार येतो. हा फरक फक्त कानाला कळतो. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये सुरुंग शोधणारं यंत्र घडवलं आणि १९४२ मध्ये एल अलामेनला सैनिक ते घेऊन सुरुंगांच्या पट्ट्यांत उतरले. त्यांच्यापुढे पडदा नव्हता. कानातल्या स्वरावर त्यांनी पाऊल टाकलं. आजची पोरं कानांवरचा विश्वास घालवून बसली आहेत: गाडी चालवताना इंजिन ऐकत नाहीत, स्वयंपाकघरात फोडणी ऐकत नाहीत, सगळीकडे आकडा हवा. विषय थोडा लांबला, पण हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं.

तिसरी खरखर फुटकळ धातूची. तिच्यावरच्या डिस्क्रिमिनेशनबद्दल, म्हणजे नको तो धातू नाकारण्याबद्दल, थोडक्यात: ते जितकं जास्त, तितकी शांतता जास्त आणि नाणी कमी. तिकडच्या शेतांत खत म्हणून पसरलेल्या हिरव्या कचऱ्यातून ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे येतात, ते कितीही नाकारले तरी पुरते जात नाहीत. अशा जागी लहान तबकडी लावावी, कारण तिच्याखाली एका वेळी कमी माती आणि कमी कचरा येतो.

हेडफोन जरूर वापर, पण आवाजाला वरची मर्यादा घालून. वरच पडलेला पत्र्याचा डबा कानात असा ओरडतो की दडे बसावेत. छापखान्यातल्या आवाजाने दादांच्या कानांचं काय झालं, ते तुला सांगायला नको. रस्त्याच्या किंवा ट्रॅक्टरच्या जवळ असशील तेव्हा एक कान उघडा ठेव.

उरली काळजी. खणताना गंजलेली जड नळकांडी किंवा पंख लावल्यासारखं काही दिसलं तर हात लावू नकोस, मागे हट आणि ९९९ ला फोन कर. महायुद्धातला दारूगोळा तिकडच्या जमिनीत अजून निघतो. शेतमालकाची परवानगी लेखी घे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत संमतीशिवाय यंत्र चालवणं तिथे गुन्हा आहे. १९९६ च्या कायद्यानुसार खजिन्यात मोडणारी वस्तू १४ दिवसांत कॉरोनरला कळवावी लागते. १९९२ मध्ये शेजारच्या सफोकमध्ये हॉक्सनला शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना रोमन खजिना लागला. शोधणाऱ्याने खणणं मध्येच थांबवून कळवलं, म्हणून पुरातत्त्वज्ञांना जवळजवळ १५ हजार नाणी जागच्या जागी अभ्यासता आली. असं वागायचं असतं.

दिवाळीत यंत्र घेऊन येतो आणि वाड्याच्या मागच्या अंगणात बघतो, असंही तू लिहिलं आहेस. ते करू नकोस. १८७८ चा कायदा इथे अजून लागू आहे: जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. शिवाय अंगणात यंत्र फिरताना दिसलं की संध्याकाळपर्यंत गावभर गुप्तधनाची बोलवा होईल आणि रात्री कुदळी घेऊन कोण येईल याचा नेम नाही. तुझी काकू घरात एकटी असते. यंत्र तिकडेच ठेव आणि तू ये.

तुझा,
काका