नेटवर्क नाही!

सुट्टीत करकंबला आलेल्या आमच्या पुतण्याने, २००२ साली सुरू झालेल्या 'लुडम डेअर' स्पर्धेच्या धर्तीवर, ४८ तासांत संगणकावरचा खेळ रचला. वायरी जोडायच्या, जाळं चालू ठेवायचं, गिऱ्हाइकाला चिडू द्यायचं नाही! "काका, खेळून स्पष्ट सांगा," म्हणाला.

चौथ्या मिनिटाला माझं जाळं कोसळलं. मी सवयीने पाटी शोधू लागलो. बँकेत आम्ही 'नेटवर्क नाही' अशी पाटी लावून चहाला जातो. इथं ती सोयच नाही! तेवढी सूचना केली. तो हसला.

"आणि तुझी गिऱ्हाइकं फार चिडतात रे. आमच्याकडं पेन्शनसाठी वस्तीवरून चालत येणारी आजी चिडत नाही. 'उद्या येते, बाळा' म्हणते."

तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी खेळात आजी आली.

तेव्हापासून जाळं कोसळलं, तरी मला चहाला उठवत नाही.