सभासद कार्डावरचे टायर



गेल्या पंधरा दिवसांत मंदिरात तिघींनी मला एकच विचारलं : "कार्डावर टायर स्वस्त मिळतात म्हणे, घ्यावेत का?" पायऱ्यांवर उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. टायर हा काही आपल्या स्वयंपाकघरातला विषय नव्हे, पण त्या गाडीत बसणारी माणसं आपलीच असतात.

आमच्याकडे बारा सीटची ट्रॅव्हलर आहे. मागच्या लांब सीटवर गादी टाकली की सासूबाईंना आडवं होता येतं. सीटखाली शेगडी, पिठाचे डबे, गाळलेल्या पाण्याचे कॅन. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं आणि कंदमुळं नकोत, मग हॉटेलात प्रत्येक भाजीची चौकशी करत बसण्यापेक्षा झाडाखाली मूगडाळीची खिचडी टाकलेली बरी. मुलं त्या गाडीला 'चाकांवरचं घर' म्हणतात. सासूबाईंना या वर्षी कुंथलगिरीला जायचं आहे. आचार्य शांतिसागर महाराजांची १९५५ साली तिथे समाधी झाली, त्या वेळी त्या लहान होत्या आणि वडिलांबरोबर गेल्या होत्या. आता वय अठ्ठ्याहत्तर. "एकदा घेऊन चला," एवढंच म्हणतात.

गाडी वर्षातून चार-पाच वेळाच निघते, एरवी सोसायटीत उन्हात उभी असते. त्यामुळे टायरच्या खाचा छान खोल दिसत होत्या. खाचांमध्ये रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजत तिथवर आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली आणि टायर बदलायची वेळ झाली. आमचे तिथवर आलेच नव्हते. पण रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर होतं १५१७, म्हणजे २०१७ सालचा पंधरावा आठवडा. बऱ्याच कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर दिसायला कसाही असला तरी बदलावा. आमच्या टायरच्या कडेला बारीक भेगा होत्याच. चारही बदलायचे ठरले.

मग आलं कार्ड. समाजातल्या एका संस्थेचं सभासद कार्ड दिरांकडे आहे, त्यावर टायरला 'छापील किमतीवर १२ टक्के सवलत'. भाऊजी म्हणाले, "आपल्याच माणसांनी सोय केली आहे, तर बाहेर कशाला जायचं?" त्यांचं चूक नव्हतं. पण भाजी घेताना आपण टक्के विचारतो का? पिशवीचे किती झाले ते विचारतो.

कोणत्या किमतीवर सवलत, हे आधी बघावं लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. कार्डाच्या यादीत मात्र भाव त्याआधीचे होते. समजा कर सोडून टायर ७,००० रुपयांचा. जुन्या कराने तो ८,९६० चा, त्यातून १२ टक्के गेले की साधारण ७,८८५. आणि आजच्या कराने कोणतंही कार्ड न दाखवता ८,२६०. म्हणजे बारा टक्क्यांची खरी बचत पावणेचारशे रुपये. त्यात फिटिंग, बॅलन्सिंग आणि व्हॉल्व्ह वेगळे लावले तर तीही गेली.

अमेरिकेत मोटरहोमवाल्यांची १९६३ साली एफएमसीए या नावाने सुरू झालेली संघटना आहे. तिथेही सभासदांसाठी टायरची योजना असते, पण सभासदाला टायर कंपनीशी ठरलेला भाव मिळतो. टक्केवारीपेक्षा ही पद्धत मला सरळ वाटते.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट पुढेच होती. आमच्या टायरचं माप २१५/७५ आर १५. कार्डावर ज्या टायरला सवलत होती त्याचंही माप तेच. भाऊजी खूश. मी मापाच्या पुढचा आकडा वाचला. त्यावर होतं १००, आमच्या जुन्या टायरवर ११२. हा आकडा भाराचा असतो. १०० म्हणजे एक टायर ८०० किलो पेलतो, ११२ म्हणजे १,१२० किलो. एका चाकामागे ३२० किलोंचा फरक! सवलतीचा टायर जीपसारख्या गाडीचा होता. बारा माणसं, पाण्याचे कॅन, टपावरचं सामान आणि मे महिन्यातला तापलेला डांबरी रस्ता. माप जुळलं म्हणून टायर चाकावर बसतोही, तक्रार करत नाही. म्हणूनच भीती वाटते.

मी भाऊजींना दोन्ही आकड्यांचे फोटो दाखवले. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वहिनी, आईंना घेऊन जायचंय." विषय तिथेच संपला. ११२ च्या टायरला कार्डावर सवलत नव्हती. पौड रोडवरच्या आणि कर्वे पुतळ्याजवळच्या दोन दुकानांतून फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट सगळं धरून शेवटचा आकडा लिहून घेतला आणि जिथे टायर याच वर्षी बनलेले होते तिथे घेतले. दोनशे रुपये जास्त गेले. कार्ड आहेच, चष्म्यासाठी वापरू.

एक सांगायचं राहिलं. जुने टायर दुकानदारालाच द्या, झाडं लावायला म्हणून गच्चीवर नेऊ नका. पावसाचं पाणी आत साचतं, डेंग्यूचे डास होतात, मग फवारणी आणि कितीतरी जिवांची हिंसा. पाणी साचूच दिलं नाही तर ती वेळच येत नाही.

नवे टायर बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. हवा सकाळी गाडी थंड असताना भरा, आणि स्टेपनीतलीही बघा. आमची स्टेपनी २०१७ चीच निघाली, तिच्यासाठी पाचवा टायर सांगून ठेवला आहे. तो सोमवारी येतोय, गुरुवारी आम्ही निघतोय. सासूबाईंनी बॅग आत्ताच भरून ठेवली आहे.