चिमटीतला पडदा

गेल्या पावसाळ्यापासून माझा डावा खांदा आखडलाय. गाईच्या आत हात जातो, पण गर्भाशयाचं शिंग उचलायला मनगट वळवावं तर खांद्यात कळ येते आणि तिथेच सगळं थांबतं. उजव्या हाताला हे काम येत नाही. त्याने जन्मभर शेपूट धरलं.

तीन महिन्यांचं गाभण कुणीही सांगेल. माझं वेड 35 ते 45 दिवसांचं. शिंग चिमटीत घ्यायचं आणि हळूहळू सोडत जायचं. भिंत बोटांत असतानाच आतला पडदा सुटतो, जुन्या गोधडीचा वरचा पदर हातात राहावा आणि आतलं लुगडं निसटावं तसा. चिमूट घट्ट झाली तर गर्भाला धोका, सैल झाली तर दोन्ही एकदम निसटतात आणि काहीच कळत नाही. पडद्याचं ते निसटणं क्षणभराचं असतं. सलग चार दिवस हात घातला नाही तर पाचव्या दिवशी बोटं बहिरी वाटतात. हे मी आजही अनुभवतो.

विद्यार्थी असताना मला हे ठाऊक नव्हतं. परळचं पशुवैद्यकीय कॉलेज 1886 सालचं, तिथे शिकतो याची मला घमेंड होती. रात्री दोनपर्यंत पुस्तक, सुट्टीतही पुस्तक. घरी आलो तरी गोठ्याकडे फिरकायचो नाही, आई म्हशी काढायची आणि मी माडीवर घोकत बसायचो. शेवटच्या वर्षी काकांनी म्हैस दाखवली. हात घातला, गर्भाशय सापडेना. भाकड आहे, म्हणालो. काकांनी ती बाजारात विकली. पाच महिन्यांनी ती नव्या मालकाकडे व्याली. म्हशीचे 310 दिवस धरले तर मी हात घातला तेव्हा ती निम्म्यावर आली होती. गर्भाशय जड होऊन पोटात उतरलं होतं, हाताला सापडणार कसं? पण गर्भाशयाच्या धमनीची थरथर तिथेच होती. थरथरीचं वाक्य मला पाठ होतं, बोटांना ठाऊक नव्हतं. काकांना मी सांगितलं, कधीकधी कळत नाही. ते गेले तोवर मी शब्द बदलला नाही.

आता पोरं सोनोग्राफीचं यंत्र घेऊन फिरतात. 30 दिवसांच्या आत-बाहेर पडद्यावर गर्भ दिसतो, शेतकऱ्यालाही दाखवता येतो. यंत्र खरं सांगतं, माझा राग यंत्रावर नाही. राग आहे तो हात शिकायच्या आधीच हात सोडून देण्यावर. आणि इंटर्नशिपचं अख्खं वर्ष पशुधन विकास अधिकारी व्हायच्या परीक्षेत घालवण्यावर. साडेपाच वर्षांच्या पदवीत गोठ्यात उभं राहायला मिळणारं हे एकच सलग वर्ष, आणि त्यात पोरं पाठांतर करतात.

माझ्याकडे इंटर्नशिपला आलेली पोरगीही तेच करायची. जीपमध्ये बसली की मांडीवर नोट्स. वर शनिवारी दुपारीच दहिवडीची एसटी पकडायची, कारण आईचं मनगट मोडलेलं आणि घरी दोन म्हशी. सोमवारी परत यायची ती डोळे तांबारलेले. मी एकदा रागावलो. ''बाळ, एक काहीतरी धर. अभ्यास धर नाहीतर गोठा.'' ती म्हणाली, ''सर, म्हशी थांबत नाहीत.''

मग फलटणजवळच्या एका गोठ्यात माझा खांदा अडला. हात आत, शिंग बोटांच्या टोकाशी, आणि पुढे जाता येईना. मी हात काढला आणि तिला म्हटलं, बघ. तिने मोजा चढवला, डोळे मिटले. अर्ध्या मिनिटात म्हणाली, ''सर, निसटलं.'' किती दिवस? ''चाळीसच्या आसपास.'' रेतनाची तारीख वहीत पाहिली, 42 दिवस झाले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. मी पुन्हा हात घातला. खांदा फाटतोय असं वाटत असताना शिंग धरलं, आणि मला काही कळलं नाही. बाहेर येऊन मालकाला सांगितलं, ''गाभण आहे, 42 दिवसांची.'' मालक म्हणाला, ''डॉक्टर, तुमच्या हाताला तोड नाही.'' पोरगी बादलीत हात धूत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्या शनिवारी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. एसटीला वेळ होता. मी विचारलं, इतक्या लवकर कसं जमलं तुला? तिला प्रश्नच कळला नाही. मग म्हणाली, आखूड सडाची म्हैस असली की मूठ चालत नाही, चिमटीनंच काढावं लागतं, आणि जोर किती द्यायचा ते म्हैसच सांगते, लाथ मारून. मग तिने माझा डावा हात हातात घेतला, माझ्या अंगठ्यावर आपली दोन बोटं टेकवली आणि दाबून दाखवलं. फार हलकं होतं ते. मी समजत होतो त्याच्या निम्मंही नाही.

''परत एकदा दाखव,'' मी म्हणालो. तेवढ्यात गाडी लागली.